जुन्या वर्ल्ड कपच्या वस्तू आणि फोटो जमवताय? या चुका टाळा

१९३० चा उरुग्वेतला पहिला फुटबॉल वर्ल्ड कप, मग ३४ चा इटलीतला, ३८ चा फ्रान्समधला आणि युद्धानंतर ५० चा ब्राझीलमधला, या चार स्पर्धांच्या वस्तूंचं आणि खेळाडूंचं वेड असणारी माणसं आपल्याकडे मोजकीच आहेत, पण जी आहेत ती मनापासून वेडी आहेत. मी त्यातलाच एक. महिन्यातून एखादा तरी फोटो व्हॉट्सॲपवर येतोच, खाली एकच प्रश्न, दादा हे खरं आहे का, घेऊ का? आणि दहातल्या आठ वेळा चूक तीच असते, की वस्तू नीट बघायच्या आधी त्या वस्तूची गोष्ट ऐकलेली असते आणि गोष्ट आवडलेली असते.

माझंही तसंच झालंय, तिथूनच सुरुवात करतो.

बोट खरी, वर्ष चुकीचं

मुंबईत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मला ‘काँते व्हेर्दे’ या बोटीचं मेन्यू कार्ड दिसलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९३० मध्ये रुमानिया, फ्रान्स आणि बेल्जियम या तीन टीम याच इटालियन बोटीने अटलांटिक पार करून उरुग्वेच्या राजधानीला, माँटेव्हिडिओला गेल्या, फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे सोबत होते, त्यांच्या सामानात वर्ल्ड कपची ट्रॉफी होती, आणि वाटेत रिओला ब्राझीलची टीमही चढली. दुकानदार म्हणाला हे त्याच सफरीचं कार्ड आहे. बोटीचं नाव बघूनच माझे हात थरथरायला लागले होते आणि मी फार घासाघीस न करता पैसे देऊन मोकळा झालो.

घरी येऊन टेबल लॅम्पखाली भिंग धरलं. कागद जाड, पिवळट, एका कोपऱ्याला चहाचा की सॉसचा तपकिरी डाग, मधल्या घडीवर शाई उडालेली, सगळं अगदी जुनं, त्यात शंका नाही. पण तळाला बारीक अक्षरात कंपनीचं नाव होतं लॉइड त्रिएस्तिनो. आणि १९३० मध्ये ही बोट होती लॉइड साबाउदो या कंपनीची! लॉइड त्रिएस्तिनोसाठी ती धावायला लागली १९३२ पासून, आणि तो मार्ग होता त्रिएस्त, मुंबई, शांघाय. म्हणजे वर्ल्ड कपला नेणारी बोट नंतर कित्येक वर्षं आपल्याच बंदरात येत होती, १९३६ च्या एप्रिलमध्ये सुभाषबाबू युरोपातून मुंबईत उतरले आणि तिथेच त्यांना अटक झाली तेही याच बोटीतून. म्हणूनच तिची कार्डं, पोस्टकार्डं, लेबलं मुंबईत सापडतात. वस्तू अस्सल आहे, फक्त फुटबॉलशी तिचा संबंध नाही. मी ते कार्ड ठेवलंय, पण वर्ल्ड कपच्या फाइलमधून काढून मुंबईच्या फाइलमध्ये लावलंय.

तर बोटीच्या, हॉटेलच्या, रेल्वेच्या वस्तू घेताना आधी कंपनीचं नाव, छापखान्याचं नाव आणि तारीख शोधा, तारीख नसेल तर ती वस्तू ‘त्या सफरीची’ म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका. १९३० ची सफर जूनच्या उत्तरार्धात सुरू झाली आणि बोट माँटेव्हिडिओला पोचली जुलैच्या सुरुवातीला, या चौकटीत बसत नसेल ते कार्ड दुसऱ्या कुठल्यातरी फेरीचं.

सही बघताना आधी पेन बघा

सह्यांमध्ये सगळ्यात जास्त फसवणूक होते. लोक अक्षराचं वळण जुळवत बसतात, नेटवरच्या दुसऱ्या सहीशी ताडून बघतात, आणि ती दुसरीही खोटीच असेल तर? त्यापेक्षा शाई बघा. बॉलपेन बाजारात आलं १९४० च्या दशकात, आणि योगायोग असा की आर्जेंटिनातच, लाझ्लो बिरो नावाच्या हंगेरियन माणसाने तिथे जाऊन ते बनवलं. त्यामुळे ‘१९३० च्या फायनलच्या दिवशी घेतलेली सही’ असं सांगून कोणी बॉलपेनची सही दाखवली तर विषय तिथेच संपला. जाड मार्कर तर त्याहून नंतरचे, शार्पी आलं १९६४ मध्ये.

आता इथे खेळाडू कोण आणि तो किती जगला हे माहीत पाहिजे, नाहीतर खरी वस्तूही तुम्ही खोटी ठरवाल. होसे लेआंद्रो आंद्रादे, उरुग्वेचा तो कृष्णवर्णीय हाफबॅक, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्याच्या खेळाने युरोप थक्क झालं होतं, तो गेला १९५७ मध्ये. उरुग्वेचाच हेक्टर कास्त्रो गेला १९६० मध्ये. या दोघांची शार्पीमधली सही असूच शकत नाही. पण लुसिएँ लोराँ, फ्रान्सचा, वर्ल्ड कपच्या इतिहासातला पहिला गोल ज्याने १३ जुलै १९३० ला मेक्सिकोविरुद्ध केला, तो २००५ पर्यंत होता, ९७ वर्षं जगला, १९९८ ला फ्रान्स जिंकलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं. आर्जेंटिनाचा फ्रान्सिस्को वरायो तर शंभरी गाठून २०१० मध्ये गेला. यांच्या मार्करमधल्या, चकचकीत फोटोवरच्या सह्या खऱ्या असू शकतात, फक्त त्या म्हातारपणी दिलेल्या आहेत, १९३० च्या नव्हेत, आणि किंमत त्या हिशोबानेच द्यायची.

कागदासाठी नोटा तपासायची छोटी यूव्ही टॉर्च जवळ ठेवा. खोली अंधारी करा आणि कागदावर मारा. निळसर पांढरा झगझगीत उजळला तर त्यात कागद पांढरा दिसण्यासाठी घालतात ती रसायनं आहेत, आणि ती कागदात यायला लागली साधारण १९५० च्या सुमारास. १९३० चा प्रोग्रॅम असा उजळणार नाही. नाही उजळला म्हणजे खराच असंही नाही हां, जुना कोरा कागद मिळवून त्यावर छापणारेही आहेत.

जर्सीवर नंबर? बॉलला नाडी?

हा भाग पटकन सांगतो. १९३०, ३४, ३८ या तिन्ही वर्ल्ड कपमध्ये पाठीवर नंबर नव्हते. नंबर आले १९५० ला, नावं तर थेट १९९४ ला. उरुग्वेच्या छातीवरचे चार स्टारही खूप नंतरचे. पॉलिएस्टरची शिवण दिसली तर पुढे बोलायचंच नाही. आणि ब्राझीलची पिवळी जर्सी १९५० च्या नावाने विकायला आली तर हात लावू नका, त्या वर्षी ब्राझील पांढऱ्या जर्सीत खेळलं, रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये हरलं, आणि त्या जखमेतूनच पिवळी जर्सी जन्माला आली, १९५४ मध्ये.

बॉलचं उलटं. नाडी असलेला चामड्याचा बॉल बघितला की लोक लगेच ‘१९५० वर्ल्ड कप’ म्हणतात, पण १९५० चा बॉल बिननाडीचा होता, आर्जेंटिनात शोध लागलेला, व्हॉल्व्हमधून हवा भरायचा. नाडी ३० ते ३८ पर्यंतची. आणि ३० च्या फायनलला एक बॉल नव्हता, दोन होते, कुठल्या देशाचा बॉल वापरायचा यावर वाद झाला म्हणून पहिला हाफ आर्जेंटिनाच्या बॉलने खेळले आणि आर्जेंटिना २-१ ने पुढे गेलं, दुसरा हाफ उरुग्वेच्या बॉलने आणि उरुग्वे ४-२ ने जिंकलं. त्यामुळे ‘फायनलचा बॉल’ एवढंच लिहिलं असेल तर ‘कुठला?’ हा प्रश्न विचाराच.

खेळाडूंची स्टिकर काढणाऱ्या पानिनी कंपनीचं ३४ चं स्टिकर, आदिदासचे ३८ चे बूट, हेही लोक पाठवतात. पानिनीचा पहिला वर्ल्ड कप अल्बम १९७० चा आणि आदिदास कंपनी १९४९ ची, बस.

२८ चा फोटो ३० चा म्हणून फिरतो

ही चूक पैशाची नाही पण मला सगळ्यात जास्त लागते, कारण त्यात माणसंच बदलली जातात. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकची फायनलही उरुग्वे विरुद्ध आर्जेंटिना अशीच होती, पहिली मॅच १-१ बरोबरीत सुटली आणि तीन दिवसांनी पुन्हा खेळून उरुग्वे २-१ ने जिंकलं. तेच देश, त्याच जर्सी, बरेच चेहरेही तेच, कॅप्टन होसे नासाझी दोन्हीकडे. मग फोटो खाली वाट्टेल ते लिहिलं जातं.

ओळखायचं कसं, तर गोलकीपर बघा. २८ ला उरुग्वेचा गोलकीपर आंद्रेस माझाली, आणि ३० ला त्याला स्पर्धेआधी टीममधून काढलं होतं, रात्री कँपमधून बाहेर पडला म्हणून, त्यामुळे फायनलला गोलमध्ये उभा आहे एन्रिके बायेस्त्रेरो. आर्जेंटिनाकडून २८ ला बोसिओ, ३० च्या फायनलला बोतासो. दुसरी खूण रेफ्रीची. ३० च्या फायनलचा रेफ्री बेल्जियमचा जॉन लाँगेनुस, उंच माणूस, कोट, टाय आणि गुडघ्याखाली बांधलेली ढगळ पँट, एकदा पाहिला की विसरत नाही.

कास्त्रोवरून मात्र वर्ष ठरवू नका. लहानपणी इलेक्ट्रिक करवतीत त्याचा उजवा हात कोपराखाली गेला होता, त्यामुळे फोटोत तो लगेच सापडतो, पण तो २८ लाही होता. हाच कास्त्रो, ज्याने १८ जुलै १९३० ला सेंतेनारिओ स्टेडियममधला पहिलावहिला गोल पेरूविरुद्ध केला आणि बारा दिवसांनी फायनलमधला शेवटचा. आणि त्याच्या फोटोखाली दुसऱ्याचं नाव छापलेलं मी पाहिलंय, जवळ जाऊन फक्त उजवी बाही बघितली असती तरी कळलं असतं. सेंतेनारिओ १८ जुलैलाच सुरू झालं हेही ध्यानात ठेवा, लोराँचा पहिला गोल तिथला नाही, तो पोसितोस नावाच्या छोट्या ग्राउंडवरचा.

एक उलटी चूकही होते. जुन्या पुस्तकात किंवा कात्रणात ‘पहिली हॅटट्रिक स्ताबिलेची’, म्हणजे आर्जेंटिनाच्या स्ताबिलेची, असं दिसलं की नवी मुलं त्याला फेक म्हणतात, कारण आज नेटवर अमेरिकेच्या बर्ट पेटनॉडचं नाव आहे. अहो, फिफाने पेटनॉडची हॅटट्रिक मान्य केली २००६ मध्ये! त्याआधीच्या छापील मजकुरात स्ताबिलेच असणार, ते नसतं तरच संशय घ्यायचा.

ट्रॉफी

‘ज्यूल रिमे कप’ हे अधिकृत नाव १९४६ ला मिळालं, १९३० किंवा ३४ च्या म्हणवणाऱ्या कागदावर ते नाव दिसलं तर थांबा. मूळ ट्रॉफी १९८३ मध्ये रिओतून चोरीला गेली आणि परत मिळालीच नाही. आणि अंदाजावर बोली लावणं किती महागात पडतं बघा, १९६६ मध्येही ती इंग्लंडमध्ये काही दिवस चोरीला गेली होती, त्यानंतर इंग्लंडने जी नक्कल करून घेतली ती १९९७ च्या लिलावात फिफाने २,५४,५०० पाउंडांना घेतली, कारण ती मूळ असेल अशी कुजबुज होती. तपासणीत नक्कलच निघाली.

भारताची १९५० ची जर्सी

ही अस्तित्वातच नाही. भारत पात्र ठरला होता, इटली, स्वीडन, पॅराग्वेच्या गटात नावही होतं, पण टीम ब्राझीलला गेलीच नाही. त्यामुळे ‘वर्ल्ड कप ब्लेझर’, ‘वर्ल्ड कप जर्सी’ असलं काही कोणी दाखवलं तर घेऊ नका. आणि अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून गेलो नाही ही गोष्टही पुढे ढकलू नका, कॅप्टन शैलेन मन्ना यांनीच नंतर सांगितलं होतं की ते खरं कारण नव्हतं, आपल्या फेडरेशनला तेव्हा ऑलिंपिकच मोठं वाटत होतं. अनवाणी खेळलेली मॅच हवी असेल तर ती १९४८ ची, लंडन ऑलिंपिक, फ्रान्सकडून १-२, दोन पेनल्टी चुकल्या तरी. आणि मुंबईकरांनी शोधायचंच असेल तर नेव्हिल डिसूझांचं शोधा, १९५६ मेलबर्न, ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. त्या काळातले मुंबईच्या रोव्हर्स कप स्पर्धेचे पास, कूपरेज ग्राउंडची तिकिटं, ऑफिस टीमचे ग्रुप फोटो अजून जुन्या कपाटांत पडलेले आहेत.

आणि मिळालं की लॅमिनेट करू नका

हे हात जोडून सांगतो. जुनं तिकीट मिळालं की आपल्याकडे पहिलं काम लॅमिनेशन, गरम प्लास्टिक एकदा कागदाला चिकटलं की ते सुटत नाही, ती वस्तू संपली. सेलोटेपही नको, चार पावसाळ्यांत डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. मेडलला ब्रासो लावू नका, वरचा काळपट थर जाताना बारीक अक्षरंही झिजतात. जर्सी धुवू नका. नाडीच्या बॉलमध्ये हवा भरून बघू नका, नव्वद वर्षांचं चामडं शिवणीवर फाटतं, आत मऊ कागदाचे बोळे भरून आकार द्या आणि ठेवा.

कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेल ठेवायचं आणि दर पंधरा दिवसांनी डबा उघडून बुरशी बघायची. स्वस्त मऊ प्लास्टिकचे अल्बम वास मारतात आणि फोटोला चिकटतात, पॉलिप्रॉपिलिनचे पाउच मागा.

घरात आजोबांचा असा एखादा टीमचा ग्रुप फोटो असेल तर या रविवारी तो काढा, आजी किंवा मोठे काका असतील तर त्यांच्या शेजारी बसा, उभे कोण, बसलेले कोण, डावीकडून उजवीकडे सगळी नावं विचारा आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नाही, हलक्या हाताने लिहून ठेवा.