नवजात बाळाच्या श्वासनळीत नळी घालताना : वेदनाशमनातील या चुका टाळा

नवजात बाळाला वेदना जाणवत नाहीत, हा समज १९८७ साली आनंद आणि हिकी या संशोधकांनी या विषयावरचे पुरावे एकत्र मांडल्यानंतर मागे पडू लागला. आता तसे उघडपणे कोणी म्हणत नाही, मात्र "दोन मिनिटांचे तर काम आहे" ही सबब अजून ऐकू येते. त्या दोन मिनिटांत लॅरिंगोस्कोपचे (घशात पाहण्याच्या उपकरणाचे) पाते घशाशी टेकते, नाडी मंदावते, रक्तदाब आणि मेंदूतील दाब वाढतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या नाजूक मेंदूसाठी ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१० साली, तातडीची वेळ वगळता प्रत्येक इन्ट्युबेशनपूर्वी, म्हणजे श्वासनळीत नळी घालण्यापूर्वी, औषधे द्यावीत, असे सुचवले.

तातडीची वेळ म्हणजे काय, येथेच पहिली गफलत होते. जन्मताच न रडलेल्या बाळासाठी औषधांची वाट पाहणे चुकीचे आहे. परंतु सीपॅपवर (नाकावाटे सतत दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) चार तास हळूहळू थकत गेलेल्या बाळाला ही सवलत लावणे हे बहुतेक वेळा पूर्वतयारी न केल्याचे लक्षण असते.

दुसरी चूक म्हणजे शांत पडलेले बाळ वेदनामुक्त आहे असे मानणे. स्नायू शिथिल करणारे औषध एकटे दिले, तर बाळ हलत नाही, पण त्याला सारे जाणवते. मिडाझोलाम गुंगी आणते, वेदना कमी करत नाही, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात रक्तदाब खाली आणू शकते. मॉर्फिन वेदनाशामक असले तरी शिरेतून दिल्यावरही त्याचा परिणाम दिसण्यास काही मिनिटे लागतात. ते देऊन लगेच नळी घालणे म्हणजे औषध दिल्याची केवळ नोंद करणे होय. म्हणून फेंटॅनिल हे लवकर परिणाम करणारे वेदनाशामक, त्यासोबत नाडी राखण्यासाठी ॲट्रोपिन आणि शेवटी स्नायुशिथिलक, असा क्रम बऱ्याच एनआयसीयूंमध्ये (नवजात अतिदक्षता विभागांमध्ये) असतो.

फेंटॅनिलबाबत मात्र जरा थांबून पाहावे लागते. एक किलोच्या बाळासाठी किलोमागे २ मायक्रोग्रॅम मात्रा ठरली, तर ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली तीव्रतेच्या औषधातून ती केवळ ०.०४ मिली भरते. सिरिंजच्या टोकातच जवळपास तेवढे औषध अडकून राहते. म्हणून १ मिली औषध सलाइनने १० मिलीपर्यंत विरळ करून ०.४ मिली देणे अधिक अचूक ठरते. नेमकी मात्रा आणि विरलन विभागाच्या लेखी पद्धतीनुसार दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे. औषध सावकाश, काही मिनिटे घेऊन द्यावे. आणि येथे हमखास घडणारी चूक अशी : औषध हळू दिले जाते, पण नंतरचा, लाइन धुऊन काढणारा सलाइनचा फ्लश झटक्यात ढकलला जातो. लाइनमध्ये उरलेले फेंटॅनिल त्या झटक्यानेच बाळाच्या शरीरात शिरते आणि छाती ताठरते. फ्लशचा वेगही औषधाइतकाच ठेवावा.

छाती ताठरली, तर श्वास देण्याची बॅग दाबली तरी छाती उचलली जात नाही. आधी मास्क नीट बसला आहे का, मान योग्य स्थितीत आहे का, हे पाहावे, कारण दोष बहुधा तेथेच सापडतो. ते ठीक असेल, तर हाताशी भरून ठेवलेले स्नायुशिथिलक किंवा नॅलॉक्सोन (फेंटॅनिलचा परिणाम उलटवणारे औषध) द्यावे. नाडी उतरल्यास दुसरे ॲट्रोपिन शोधत बसू नये. प्रयत्न थांबवून बॅग-मास्कने श्वास द्यावा, कारण प्राणवायूची कमतरता हे अधिक संभाव्य कारण असते. एक प्रयत्न ३० सेकंदांहून अधिक लांबवू नये.

जबडा फारच लहान असलेल्या किंवा मास्कने श्वास देणे अवघड जाईल अशा बाळाला स्नायुशिथिलक देण्यापूर्वी अनुभवी हात जवळ असावेत. कुटुंबात मॅलिग्नंट हायपरथर्मियाचा (भुलीच्या काही औषधांनी शरीराचे तापमान धोकादायक वाढवणाऱ्या आनुवंशिक विकाराचा) इतिहास असल्यास सक्सिनिलकोलीन हे स्नायुशिथिलक टाळावे. बारीक नळीतून सरफॅक्टंट (फुफ्फुसे उघडी ठेवणारे औषध) देताना बाळाचा स्वतःचा श्वास चालू राहायला हवा, त्यामुळे तेथे हा संपूर्ण क्रम जसाच्या तसा वापरता येत नाही.

नळी बसली की सर्वांचे लक्ष व्हेंटिलेटरकडे वळते. रोक्युरोनियम या स्नायुशिथिलकाचा परिणाम नवजात बाळात तासभर टिकू शकतो. त्या अवधीत चेहरा आणि हालचालींवरून वेदनेचे गुण देणारी पट्टी निरुपयोगी असते. त्या तासात नाडी आणि रक्तदाबातील चढ पाहावा आणि फेंटॅनिल केव्हा दिले, ती वेळ बाळाच्या चार्टवर ठळक लिहावी.