मिशनरी शाळेत अॅथलेटिक्सची टीम कशी उभी करायची: कोकणातल्या पीटीच्या सर-मॅडमसाठी

आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बऱ्याच फादर-सिस्टरांच्या शाळांमध्ये अॅथलेटिक्स म्हणजे डिसेंबरातला स्पोर्ट्स डे, असंच होऊन बसलंय. दिवाळीची सुट्टी संपली की ड्रिल, मार्चपास्ट, चार हाऊसचे चार झेंडे, मग शंभर मीटर, रिले, पालकांची संगीतखुर्ची आणि लगेच नाताळ. तो दिवस छानच असतो, माझं काहीच म्हणणं नाही, पण शालेय स्पर्धांमध्ये पुढे जायचं असेल तर डिसेंबरपर्यंत गाडी निघून गेलेली असते. तालुका, जिल्हा, विभाग हे सगळं साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दरम्यान उरकतं, म्हणजे ऐन पावसात आणि पावसाच्या शेपटाला. स्पोर्ट्स डेला चमकलेल्या पोराला मग पुढच्या वर्षीपर्यंत बसून राहावं लागतं आणि तोवर त्याचा वयोगट बदलतो, नाहीतर तो दहावीत जाऊन क्लासला अडकतो.

म्हणून टीम जूनमध्येच निवडा, शाळा उघडल्या उघडल्या. पाऊस असतो, मान्य, पण निवडीला ग्राउंडच लागतं असं कुठाय? हॉलमध्ये किंवा व्हरांड्यात जागेवरून लांब उडी घ्या, प्रत्येकाला तीन चान्स, वहीत आकडे लिहा. जागेवरून लांब उडणारं पोर बहुतेक वेळा स्प्रिंटला पण चांगलं निघतं. मग दोन दिवस उघडीप मिळाली की तीस मीटर पळवून बघा आणि दोन्ही आकडे समोरासमोर ठेवा. आणि प्लीज सगळी टीम नववी-दहावीची करू नका, सहावी-सातवीतली पोरं घ्या, ती तुमच्याकडे तीन-चार वर्षं राहतात. रोज वाडीवरून डोंगर उतरून चालत येणारी पोरं-पोरी असतात ना, त्यांना तर आवर्जून पळवून बघा, ती कधी स्वतःहून पुढे येत नाहीत.

आता परवानगी. हेडमिस्ट्रेस सिस्टरकडे जाऊन "खेळाला सपोर्ट करा" असं मोघम बोललात तर सिस्टर हसून हो म्हणतील आणि पुढे काहीच होणार नाही. त्यापेक्षा कागदावर लिहून न्या: आठवड्यातले तीन दिवस, शाळा सुटल्यावर पाऊण तास, अमुक मुलं, शेवटच्या एसटीच्या आधी सगळी मोकळी. हे एसटीचं आधी बघा, बाकी सगळं नंतर. पोराची गाडी एकदा चुकली ना की दुसऱ्या दिवशी आई प्रॅक्टिस बंद करते, आणि तिचं बरोबरच असतं. ग्राउंड बऱ्याच ठिकाणी चर्चच्या आवारातच असतं, तेव्हा फादरांकडून वर्षाचं कॅलेंडर जूनमध्येच मागून घ्या. रविवारी मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) गाड्या कुठे लागतात, फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा मांडव कधी पडतो, त्याआधीचे नोव्हेनाच्या प्रार्थनांचे नऊ दिवस कधी, हे माहीत असेल तर भांडणं होत नाहीत. नोव्हेनाच्या दिवसांत कॅथलिक पोरांना लवकर सोडा, घरचे वाट बघत असतात.

पावसातली प्रॅक्टिस म्हणजे खरा पाया. ग्राउंडवर चिखल असला तरी व्हरांड्यात दोरीउड्या, प्लँक, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढणं, हे सगळं होतं. फक्त शेवाळ सांभाळा, आपल्याकडच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर आठ दिवसांत हिरवं धरतं, ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घेतल्याशिवाय कुणाला पळवू नका. आणि पावसाळ्यासाठी सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे रिले! बॅटन, म्हणजे रिलेत हातोहात द्यायची नळी, विकत आणायची पण गरज नाही, बाहेरून ४० मिमी जाडीचा पीव्हीसी पाइप आणून २९ सेंटीमीटरचे तुकडे कापा, कडा पॉलिश पेपरने घासा, झाला बॅटन, नियमातल्या मापात बसतो. आधी चौघांना व्हरांड्यात एका रांगेत उभं करून नुसते हात हलवत बॅटन पुढे द्यायला लावा, मग चालत, मग हळू पळत. पहिला उजव्या हातात धरतो, दुसरा डाव्यात घेतो, तिसरा उजव्यात, चौथा डाव्यात, म्हणजे मध्ये कुणालाच हात बदलावा लागत नाही आणि वळणावर पळणारे पहिला आणि तिसरा लेनच्या आतल्या कडेला चिकटून पळू शकतात. घेणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही, आवाज आला की हात मागे. हे अंगात मुरायला दोन महिने लागतात, आणि पावसाळा दोन महिन्यांपेक्षा जास्तच असतो. ४ बाय १०० ला बॅटन बदलायची जागा आता ३० मीटरची असते, जुन्या पुस्तकात २० लिहिलेलं सापडेल, त्यावर जाऊ नका. बारीक चणीच्या पोरी पण नीट बदल जमवून जोरदार टीमला मागे टाकतात हे मी तालुक्याला बघितलंय. मुलींना १९५४ च्या मनिला एशियन गेम्सची गोष्ट जरूर सांगा, तिथे ४ बाय १०० रिलेचं गोल्ड भारताच्या मुलींनी आणलं होतं आणि त्या चौघींत स्टेफी डिसोझा आणि वांद्र्याची मेरी डिसोझा होत्या. आपल्याच नावागावाच्या बायका म्हटलं की पोरींचे डोळे बदलतात.

पाऊस ओसरला की ट्रॅक आखायचा. पूर्ण ४०० मीटरचा ट्रॅक आपल्या ग्राउंडात मावत नाही, २०० चा आखा, चार लेनचा. जागा साधारण ९२ बाय ५२ मीटर लागते. ग्राउंडच्या मधोमध लांबीच्या दिशेने दोन खुंट्या ठोका, बरोबर ४० मीटर अंतरावर. प्रत्येक खुंटीपासून १८.९० मीटर त्रिज्येचा अर्धा गोल बाहेरच्या बाजूला मारा आणि दोन्ही गोलांची टोकं सरळ रेषेने जोडा, ही झाली पहिल्या लेनची आतली रेघ. नायलॉनची दोरी वापरू नका, ती ताणली जाते, टेप नाहीतर बारीक तार घ्या. १८.९० का, तर आपल्याकडे आत उंच कड नसते, नुसती फक्कीची रेघ असते, तेव्हा अंतर रेघेच्या २० सेंटीमीटर बाहेरून मोजतात, म्हणजे पळायची त्रिज्या १९.१० होते आणि फेरी बरोबर २०० ची बसते. कड असेल तर ३० सेंटीमीटर धरतात, मग आकडा बदलतो. पुढच्या रेघा १.२२ मीटरने वाढवत जा: २०.१२, २१.३४, २२.५६, २३.७८. आखणी तिरकी झाली का ते बघायला, सरळ भाग जिथे गोलांना भेटतात त्या आतल्या चार कोपऱ्यांचे दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ५५.०३ मीटर आले पाहिजेत. पाच-सात सेंटीमीटरचा फरक आला तर खुंटी न हलवता कोपरे सरकवा.

एका फेरीच्या शर्यतीला दुसऱ्या लेनचा स्टार्ट ७.६७ मीटर पुढे, तिसऱ्याचा १५.३३, चौथ्याचा २३. हे पण त्या त्या लेनच्या आतल्या रेघेपासून २० सेंटीमीटर बाहेरून, वळणावरून मोजायचं, सरळ टेप ताणून नाही. फक्की दोन पावसांत धुऊन जाते म्हणून मधल्या दोन खुंट्यांच्या जागी लोखंडी सळईचे तुकडे जमिनीच्या खाली दोन बोटं राहतील असे कायमचे पुरून ठेवा आणि जवळच्या भिंतीपासून त्यांची अंतरं ऑफिसच्या वहीत लिहा, पुढच्या वर्षी अर्ध्या तासात आखणी होते. शंभर मीटर सरळ इथे मिळणार नाही, तेव्हा ग्राउंडच्या कर्णावर ८० मीटरच पळवा, पुढे थांबायला जागा लागते.

आपल्या कातळावर रोज पळून पोरांच्या नडग्या दुखतात, हे सगळीकडेच आहे. त्यावर आपला समुद्र आहेच की! दिवाळीनंतर आठवड्यातून एक दिवस किनाऱ्यावर न्या, पाण्याजवळच्या ओल्या घट्ट वाळूवर पळवा, वरच्या भुसभुशीत वाळूत फक्त पाच-सहा छोटे स्प्रिंट, नाहीतर घोटे जातात. वेळ तिथी बघून ठरवा, पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास पहाटे आणि संध्याकाळी ओहोटी असते, अष्टमीच्या सुमाराला त्याच वेळी भरती, आणि वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढणं चालू असेल तर लांबून जा, दोराला पाय लावू नका. पावसाळ्यात मात्र किनारा अजिबात नाही.

लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू चाळून घ्या, शिंपल्याचे तुकडे पाठीला लागतात, आणि प्रत्येक प्रॅक्टिसच्या आधी फावड्याने उकरा, ती आपोआप घट्ट होते. खड्ड्याची रुंदी २.७५ मीटर हवी. स्पाइक्सच्या मागे आत्ता लागू नका, कातळावर ते घसरतात, साधे कॅनव्हास पुरे.

आता कागदपत्रं, इथे आपल्या शाळांची पोरं खास अडकतात. कुणाचं आडनाव शाळेच्या रजिस्टरला डिसोजा, आधारवर डिसूझा, जन्मदाखल्यावर तिसरंच काहीतरी, आणि बाप्तिस्म्याचं नाव आणखी वेगळं. तालुक्याला टेबलावर हे निघालं की पोर परत येतं. म्हणून निवड झाली त्याच आठवड्यात तिन्ही कागद समोरासमोर ठेवून बघा आणि दुरुस्ती जूनमध्येच सुरू करा, आधारला वेळ लागतो. वयोगट १४, १७ आणि १९ खालचे, १ जानेवारी धरून वय बघतात, तेव्हा जन्मतारीख सगळीकडे एकच हवी. आपले दोन्ही जिल्हे खेळात कोल्हापूर विभागात येतात, म्हणजे जिल्ह्याला नंबर आला की घाट चढून कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या पोरांशी गाठ, तिथे राहायचं-खायचं, सोबत एक मॅडम हवी, त्या खर्चाचं पालक मीटिंगला आधीच बोलून ठेवा. सर्टिफिकेट मिळालं की लगेच झेरॉक्स ऑफिसात फाइल करा, दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांचा प्रस्ताव शाळेतूनच जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत बोर्डाकडे जातो आणि ओरिजिनल त्या वेळी बहुतेक घरच्या कपाटात हरवलेलं असतं.