सेमी-हॉलो (अर्धपोकळ) गिटार: आवाज बदलणारं पेडल घेण्याआधी व्हॉल्यूमचा नॉब फिरवून बघा

अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर, असा लावा, की गिटारचा व्हॉल्यूम १० वर ठेवून जोरात छेडलं तरच आवाज जरासा फाटेल. मग नॉब ६-७ वर आणा. तोच आवाज स्वच्छ होतो, भावगीताच्या साथीलाही शोभतो. नेक पिकअपवर (तारांचा आवाज टिपणारा, मानेजवळचा भाग) टोनचा नॉब ३-४ पर्यंत उतरवला, की जॅझचा गोल, उबदार सूर. ब्रिज पिकअपवर (तारा खाली जिथे टेकतात तिथला) सगळे नॉब पूर्ण उघडले की ब्लूज-रॉक. मला सर्वांत प्रिय आहे ती मधली जागा. दोन्ही पिकअप चालू ठेवून नेकचा व्हॉल्यूम हळूहळू कमी करत जा. प्रत्येक अर्ध्या अंशाला रंग बदलतो.

१९५८ मध्ये आलेल्या गिब्सन ईएस-३३५ या सेमी-हॉलो गिटारच्या पोकळ अंगात मधोमध भरीव लाकडाचा ठोकळा होता. त्यानं सूर जास्त टिकतो, अँपचा आवाज परत गिटारात शिरून वाजणारी शिट्टी (फीडबॅक) कमी होते. कमी होते, पण जात नाही. गणपतीच्या मांडवात आवाज वाढला, की अँपसमोरून बाजूला सरका. तेवढ्यानं भागलं नाही, तर आपला सोलापुरी टेरी नॅपकिन एफ-होलमध्ये, म्हणजे गिटारच्या अंगावरच्या ‘f’ आकाराच्या भोकात, हलकेच सारा. आतल्या वायरी ओढल्या जाऊ देऊ नका, आणि एक टोक बाहेर राहू द्या, म्हणजे नंतर काढता येतो.

आणि एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार असताना, गिटार बंद गाडीत कधीच ठेवू नका. पातळ लाकूड आहे ते, तडकतं.