भूमितीत पोरगं चुकलं तर आधी लाल पेन खाली ठेवा

चुकीचं उत्तर दिसलं की लगेच काट मारू नका, पोराला जवळ बसवा आणि "हे असं काहून लिहिलं बे?" म्हणून विचारा, रागावून नाही हां, खरंच ऐकायला. मी इथे नागपुरात दहावीच्या ट्युशन घेते, पोट्टे उगाच चुकत नाहीत, त्यांच्या डोक्यात काहीतरी हिशोब असतोच.

एक गणित देऊन बघा. त्रिकोण एबीसी, एबीवर डी, एसीवर ई, डीई ही बीसीला समांतर. एडी 4, डीबी 2, बीसी 9, तर डीई किती? कोणीतरी 18 आणतंच! म्हणजे आतली रेघ पायाच्या दुप्पट, आणि आकृती समोर असून त्याला काही खटकत पण नाही. झालं काय, प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयात (एका बाजूला समांतर रेघ बाकीच्या दोन बाजू सारख्याच प्रमाणात कापते) एडी भागिले डीबी पाठ केलेलं, तेच त्याने डीई भागिले बीसीला चिकटवून दिलं. इथे प्रमेय परत घोकवून उपयोग नाही, दोन्ही त्रिकोण वेगवेगळे काढायला लावा, छोटा एडीई इकडे, मोठा एबीसी तिकडे, मग अख्खी एबी 6 आहे हे त्याचं त्यालाच दिसतं आणि डीई 6 येते.

दुसरी चूक डोळ्यांची. संक्रांतीच्या पतंगीसाठी कापलेला चौकोनी कागद कोपऱ्यावर उभा धरा आणि विचारा हा चौरस आहे का, पुष्कळ जण नाही म्हणतात, कारण चौरस म्हणजे आडव्या बुडाचा असंच कायम पाहिलेलं. विशालकोन त्रिकोणाचा शिरोलंब, म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब, बाहेर पडतो तिथेही हेच, पोरगं तो ओढूनताणून आत काढतं. वही फिरवून फिरवून आकृत्या काढायची सवय लावा, बस.

डच जोडपं पिएर आणि डिना व्हॅन हिले यांनी 1957 मध्येच मांडलं होतं की भूमितीची समज पायरीपायरीने येते, आधी नुसतं दिसणं, मग गुणधर्म, सिद्धता त्याच्या बरीच वर. "काटकोन दिसतोय ना मॅडम!" म्हणणारं पोरगं अजून पहिल्या पायरीवर आहे, त्याला मुद्दाम 85 अंशाचा कोन काढून द्या आणि मोजायला लावा, पक्षात, म्हणजे गणितात दिलेल्या माहितीत, काय दिलंय ते मग तो आपोआप शोधतो.

आणि 7 चा वर्ग 14 लिहिला असेल तर ती भूमितीची चूक नाहीच, त्याभोवती गोल करा आणि पुढे चला.