डेंग्यूच्या साथीत डासांचा माग कसा काढावा आणि त्यांना कसे रोखावे

साथ आली की पहिली मागणी धुराची होते. यंत्र गडगडत रस्त्यावरून जाते, पांढरे लोट उठतात, लोक भराभर खिडक्या लावून घेतात आणि काहीतरी झाले याचे समाधान सगळ्यांना मिळते. त्या लावलेल्या खिडक्यांच्या आत, पलंगाखाली आणि कपाटामागे बसलेल्या डासाला मात्र या सगळ्याचा पत्ताही लागत नाही. डेंग्यू प्रामुख्याने पसरवणारा एडिस इजिप्ती हा घरातलाच डास आहे. तो माणसाच्या अवतीभवती राहतो, दिवसा चावतो आणि बहुधा जिथे जन्मला तिथून शंभर-दोनशे मीटरच्या आतच त्याचे आयुष्य संपते. म्हणजे रुग्ण जिथे आहे, तिथून डासांचे उगमस्थान सहसा फार लांब नसते. शोधले तर सापडते, आणि ते शोधण्याचे काम वस्तीतली माणसेही करू शकतात.

पुढची पद्धत रहिवाशांचा गट, शाळा किंवा कार्यालयाचे कर्मचारी आणि स्थानिक आरोग्यसेवक या सगळ्यांना वापरता येईल. सगळे वेळापत्रक आठवड्याचे ठेवावे. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. तपासणीला पंधरा दिवस लावले, तर मधल्या काळात एक पिढी उडून गेलेली असते.

आधी नकाशा, तोही तापाच्या तारखेचा

रुग्णांच्या यादीत बहुधा चाचणीचा अहवाल आल्याची तारीख असते. ती बाजूला ठेवा आणि ताप कोणत्या दिवशी चढला ते विचारा. डास चावल्यापासून ताप यायला साधारण ४ ते १० दिवस जातात. म्हणून पुढचा प्रश्न असा: त्याआधीचे दोन आठवडे दिवसा तुम्ही कुठे असायचात? हा डास सकाळी उजाडल्यानंतरच्या एक-दोन तासांत आणि सूर्यास्ताच्या आधी सर्वांत जास्त चावतो. त्यामुळे घराचा पत्ता पुरेसा नसतो. शाळा, कामाची जागा, शिकवणी, नातेवाइकांचे घर, सगळे नकाशावर यायला हवे. चार वेगवेगळ्या गल्ल्यांतले रुग्ण एकाच इमारतीत कामाला जात असतील, तर तपासणी तिथून सुरू करा.

घाई का करायची, तेही समजून घ्यावे. ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पुढे सुमारे पाच दिवस रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. या काळात त्याला चावलेली डासाची मादी साधारण ८ ते १२ दिवसांनी दुसऱ्याला संसर्ग देऊ लागते. रुग्णाचे नाव यादीत येईपर्यंत त्यातले काही दिवस उलटलेले असतात. उरलेल्या दिवसांत त्या घराभोवती पोहोचायचे आहे. रुग्णाला तापाच्या दिवसांत दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे; हा सल्ला फार साधा वाटतो म्हणून टाळला जातो.

नकाशा चारचौघांत लावणार असाल तर त्यावर नावे लिहू नका. नुसते ठिपके पुरतात.

घरोघर तपासणी

सामान थोडेच लागते: चांगली टॉर्च, लांब दांड्याचा पांढरा डाव, पांढरा ट्रे, ड्रॉपर, बारीक जाळीची गाळणी, नोंदवही आणि तपासलेल्या दारावर खूण करायला खडू. दोघादोघांच्या जोड्या कराव्यात, त्यातला एक जण शक्यतो त्याच वस्तीतला असावा. अनोळखी माणसाला कोणी न्हाणीघरापर्यंत नेत नाही, आणि खरी भांडी तिथेच असतात.

लोक सर्वांत आधी गटार दाखवतात. गटारातल्या साचलेल्या घाण पाण्यात बहुधा क्युलेक्स जातीचे डास वाढतात. त्यांचा त्रास खरा असला तरी डेंग्यू त्यांच्यामुळे होत नाही. एडिसला साठवलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते: पिंप, गच्चीवरची उघडी टाकी, जुने टायर, कुंडीखालची ताटली, फुलदाणी, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, तुंबलेली पन्हाळ, ताडपत्रीच्या घडीत साठलेले पाणी. बांधकामाची जागा आणि कुलूपबंद घरे यांची वेगळी यादी करा आणि तिथे पुन्हा जा. बंद घरे खूप राहिली, तर बाकीच्या मोजणीवर विसंबता येत नाही.

एडिसची अळी डोके खाली करून पाण्याच्या पृष्ठभागाला लटकते आणि सावली पडली, भांडे हलले, की वळवळत तळाशी जाते. म्हणून भांड्यावर वाकून लगेच डाव बुडवू नका. बाजूने उभे राहा, प्रकाश टाका आणि जरा थांबा. श्वास घ्यायला त्या वर येतातच. मोठ्या टाकीत डावाने फारसे काही हाती लागत नाही, तिथे जाळी कडेकडेने फिरवावी. स्वल्पविरामासारखा दिसणारा, चपळ आणि काहीच न खाणारा जीव म्हणजे कोष, अळी आणि डास यांच्यामधली अवस्था. तो सापडला तर तिथून एक-दोन दिवसांत डास उडणार आहे.

आकडे काढताना

तीन आकडे जगभर वापरतात: शंभरातल्या किती घरांत अळ्या, शंभरातल्या किती भांड्यांत अळ्या आणि शंभर घरांमागे अळ्यांची किती भांडी. त्यातले पहिले दोन १९२३ पासून चालत आलेले आहेत, तिसरा ब्रेटो या संशोधकाच्या नावाने १९५४ पासून. समजा ५० घरे पाहिली आणि ६ घरांत अळ्या सापडल्या. तर घर निर्देशांक १२. पाणी असलेली २०० भांडी तपासली आणि ९ भांड्यांत अळ्या होत्या. तर भांडे निर्देशांक ४.५. त्याच ९ भांड्यांना १०० घरांच्या हिशोबात मांडले की ब्रेटो निर्देशांक १८.

आठवड्यागणिक तुलना करायला हे आकडे चांगले आहेत. ‘अमुक आकड्याच्या खाली आलो म्हणजे सुरक्षित’ असे मात्र मानू नये. प्रचलित मर्यादा मुळात याच डासाने पसरणाऱ्या पीतज्वराच्या (यलो फीव्हर) अनुभवावरून आल्या आहेत, आणि निर्देशांक बरेच कमी असतानाही डेंग्यूच्या साथी आलेल्या आहेत.

याचे एक कारण वरच्या उदाहरणातच दडलेले आहे. ती नऊ भांडी नीट पाहिली तर काय दिसेल? सात कुंड्यांच्या ताटल्या, प्रत्येकीत पाच-दहा अळ्या; एक टायर, त्यात थोडे कोष; आणि झाकण तुटलेली एक टाकी, तिच्यात शेकडो कोष. निर्देशांकाच्या लेखी ताटलीही एक आणि टाकीही एक. डास मात्र जवळजवळ सगळे त्या टाकीतून येणार आहेत. उथळ ताटलीतल्या बऱ्याच अळ्या अन्नाअभावी किंवा पाणी आटून मरतात, कोषापर्यंत पोहोचलेल्यांपैकी बहुतेकांचे डास होतात. म्हणून साथीत अळ्यांपेक्षा कोष मोजणे मोलाचे आहे. गाळणीने गोळा करून पांढऱ्या ट्रेमध्ये मोजा आणि वहीत भांड्याच्या प्रकारापुढे लिहा. पन्नासेक घरे झाली की बहुतेक वस्त्यांत दोन-तीन प्रकारची भांडीच सगळा माल पुरवताना दिसतात. कुठे उघड्या टाक्या, कुठे टायर, कुठे बांधकामावरची पिंपे. ती सापडली की सारी ताकद तिथे लावा. ताटल्यांची व्याख्याने नंतर द्या.

अंडी पकडणारे सापळे

घरात शिरायची परवानगी मिळत नसेल, किंवा डास कमी झाल्यावर अळ्या शोधून सापडत नसतील, तेव्हा हे सापळे उपयोगी पडतात. अर्धा ते एक लिटरचे काळे भांडे घ्या. वरच्या कडेखाली एक भोक पाडा, म्हणजे पावसाने ते भरून वाहणार नाही. दोन तृतीयांश पाणी भरा आणि आत खरखरीत कापडाची किंवा हार्डबोर्डची पट्टी उभी लावा. मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर खरखरीत भागावर अंडी चिकटवते. ती बारीक काळ्या दाण्यांसारखी दिसतात, भिंगाने मोजता येतात. भांडे सावलीत, जमिनीलगत, मुले आणि जनावरे पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवा. पाण्यात गवत कुजवून तो अर्क थोडा मिसळला तर माद्या जास्त येतात.

दर आठवड्याला ठरलेल्या वारी पट्टी बदला, पाणी फेका, भांडे घासा. हे जमणार नसेल तर सापळा लावूच नका. विसरलेला सापळा म्हणजे आपण स्वतः मांडलेली डासांची पैदास. शंभरात किती सापळ्यांत अंडी मिळाली, हा एकच आकडा ठेवला तरी चालेल.

पाण्यावरचे काम

जे रिकामे करता येते ते आठवड्यातून एकदा रिकामे करा. नुसते ओतून भागत नाही, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी परत भरले की त्यातून अळ्या निघतात. आतली बाजू ब्रशने खसाखसा घासायला हवी. पाणी गटारात न ओतता कोरड्या जमिनीवर ओता.

मोठ्या टाकीला घट्ट झाकण बसवा. झाकण असले तरी हवेच्या आणि ओसंडणाऱ्या पाण्याच्या नळीला जाळी लावायचे राहते, आणि डास नेमका तिथून आत जातो. पाणी काढून टाकता येत नसेल तर अळीनाशक वापरता येते. टेमिफॉस या रासायनिक अळीनाशकाची मात्रा लिटरमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचे दाणे १०० लिटरला १० ग्रॅम. पिण्याच्या पाण्यात टाकायचे तर त्यासाठीच मान्यता असलेले उत्पादन घ्या आणि आरोग्यखात्याच्या देखरेखीखाली टाका. बीटीआय हे जिवाणूपासून केलेले अळीनाशक खाऊन अळी मरते. कोष खातच नाही, त्यामुळे त्याच्यावर त्याचा परिणाम होत नाही. कोष दिसलेले पाणी ओतून टाकावे किंवा कापडातून गाळावे. गप्पी मासे बंदिस्त टाकीत चांगले काम करतात. तळे-ओढ्यात सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांना त्यांचा उपद्रव होतो.

फवारणी कधी आणि कशी

आता धुराकडे येऊ. धूर त्या क्षणी हवेत असलेल्या डासाला मारतो, अळ्यांना आणि कोषांना नाही, आणि मागे काही उरत नाही. म्हणूनच तो रुग्ण सापडलेल्या घरांभोवती, घरात शिरेल अशा रीतीने आणि डास सक्रिय असताना करायचा. भर दुपारी नको. तापलेल्या जमिनीवरची हवा थेंब वर उचलून नेते. फवारणीआधी अन्न-पाणी झाकायला सांगा, माणसे आणि पाळीव प्राणी बाहेर काढा, दारे-खिडक्या उघड्या ठेवायला लावा, काही वेळाने घर हवेशीर करून मगच आत जाऊ द्या. मधल्या दिवसांत कोषांतून नवे डास निघतात, म्हणून आठवडा-दहा दिवसांत दुसरी फेरी लागते.

घरातल्या ठरावीक जागी टिकाऊ कीटकनाशक मारणे याहून सरस ठरू शकते: भिंतींचे खालचे भाग, फर्निचरखाली, अंधारे कोपरे. ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहरात २००८-०९ च्या साथीत रुग्णांच्या माहितीवरून संसर्गाच्या संभाव्य जागा शोधून तिथे अशी फवारणी झाली. नंतरच्या विश्लेषणात तिथून पुढे लागण होण्याची शक्यता ८६ ते ९६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. दिवसा कुठे होतात, हा सुरुवातीचा प्रश्न इथे कामी येतो.

औषध बदलण्याआधी डासांची प्रतिकारशक्ती तपासून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत ठरलेल्या मात्रेने २४ तासांनंतर ९० टक्क्यांहून कमी डास मेले, तर ते औषध तिथे चालेनासे झाले असे धरतात. पायरेथ्रॉइड गटाच्या कीटकनाशकांच्या बाबतीत हे अनेक देशांत घडले आहे.

डासाच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू सहजी वाढू न देणारा व्होल्बाकिया जिवाणू असलेले डास सोडण्याबद्दल लोक हमखास विचारतात. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरातल्या चाचणीत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी झाले, हे खरे आहे. पण ते डास वस्तीत रुजायला महिने लागतात. चालू साथीवरचा तो उपाय नव्हे.

परिणाम कुठे पाहायचा

रुग्णसंख्या उशिरा हलते. डासाच्या शरीरातले दिवस, माणसाच्या शरीरातले दिवस आणि अहवालाचे दिवस यांची बेरीज केली, तर आज केलेल्या कामाचा परिणाम यादीत दिसायला दोन-तीन आठवडे सहज जातात. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात रुग्ण वाढले म्हणून पद्धत बदलू नका. आधी कोषांची संख्या आणि अंड्यांचे सापळे पाहा. कोष घटले पण सापळ्यांत अंडी येतच राहिली, तर एखादे मोठे उगमस्थान नजरेतून सुटलेले आहे: बहुधा एखादे कुलूपबंद घर, एखादी गच्ची किंवा जमिनीखालची टाकी. अंडी सर्वाधिक मिळालेल्या सापळ्यापासून दोनशे मीटरच्या आत पुन्हा तपासणी करा.

नवे रुग्ण थांबल्यावर घरोघरच्या फेऱ्या विरळ करता येतील. सापळे मात्र पुढच्या पावसापर्यंत चालू ठेवा, कारण सुकलेल्या अंड्यांना पहिला पाऊस मिळाला की त्यांची चाहूल सापळ्यांतच आधी लागेल.