आज्जीला ओसरीत बसवा, पोराला विचारा

बीड जिल्ह्यातल्या गावांत फिरून मी दम्याच्या पोरांचे फॉर्म भरून घेते. वय 8 ते 12. फॉर्म पेड्सक्यूएलचा, म्हणजे रोजच्या जगण्यात पोराला कशाचा किती त्रास होतो हे विचारणारा. प्रश्न 23: शरीराचे 8, मन, सोबती आणि शाळा यांचे पाच-पाच.

दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेलेले, घरात आज्जी. "त्याला काय कळतंय, मी सांगते की," असं ती म्हणणारच. तिला दुखवू नका. मोठ्यांनी पोराबद्दल भरायचा फॉर्म वेगळा असतो, तो नंतर तिला वाचून दाखवा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर जुळवत बसू नका.

'गेल्या एका महिन्यात' म्हटलं की पोर छताकडं बघतं. दसऱ्याला गेलात तर म्हणा, "महालक्ष्म्या उठल्या ना, तवापासून." लगेच कळतं.

'कधीच नाही' ते 'जवळजवळ नेहमी' अशा पाच उत्तरांसाठी मी पाच वाट्या मांडते. पहिली रिकामी, पुढं ज्वारी वाढत जाऊन शेवटची काठोकाठ. (आधी शेंगदाणे न्यायचे. दहाव्या प्रश्नापर्यंत भरलेली वाटी निम्मी व्हायची.) सुरुवातीला दोन प्रश्न गमतीचे: उन्हाळ्यात भर दुपारी अनवाणी चाललं की पाय भाजतात का? जेवायला शेजारी वाघ बसतो का? दोन्हींना एकाच वाटीवर बोट ठेवलं, तर वाट्या पुन्हा समजावा.

एका पोराला विचारलं, जड वस्तू उचलायला त्रास होतो का? त्यानं झटकन रिकामी वाटी दाखवली. मी खूण केली. निघताना बघते तर टँकरपासून घागर त्याची धाकटी बहीण आणतेय, हा नुसता सोबत. विचारलं तर म्हणाला, "मला उचलूच देत न्हाईत, मग तरास कशाचा?"

फॉर्मवर मात्र या प्रश्नाला त्याला पूर्ण 100 गुण.

तेव्हापासून फॉर्म संपला की पळणं, उचलणं, घरकाम या प्रश्नांकडं मी परत येते: "हे शेवटचं कधी केलंस?" उत्तर त्याच्याच शब्दांत समासात लिहा. खूण बदलू नका, प्रश्नाचे शब्दही मनानं फिरवू नका; नाहीतर माझ्या गावची पोरं आणि तुमच्या गावची पोरं वेगळ्याच प्रश्नांची उत्तरं देतील. शब्द बदलायचे तर पाहणीआधी, पोरांकडून वदवून घेऊन, सगळ्यांसाठी एकदाच. म्हणून समासातलं सगळं वरिष्ठांना दाखवा.

गुण सोपे: 'कधीच नाही'ला 100, मग 75, 50, 25, 0. बेरजेला उत्तर दिलेल्या प्रश्नांच्या संख्येनं भागा. एखाद्या भागातले निम्म्याहून जास्त प्रश्न कोरे असतील, तर त्या भागाचा गुण काढू नका.