इंग्रजी फुलझाडांच्या नावांची फोड करताना या चुका टाळा

जोडनाव दिसलं की विग्रह करून मोकळं व्हायचं, ही घाई मला आता बघवत नाही. मीही त्यातलाच होतो म्हणून जास्तच.

एका बागप्रेमी मंडळाच्या स्मरणिकेत मी 'काउस्लिप' या पिवळ्या रानफुलाबद्दल लिहिलं: "पाकळ्या गाईच्या ओठांसारख्या, म्हणून हे नाव." काऊज लिप. किती सोपं! अंक छापून झाल्यावर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले एक सर भेटले. म्हणाले, "गाईचे ओठ पाहिलेत का कधी जवळून?" घरी येऊन मोठा कोश उघडला. जुन्या इंग्रजीत शब्द आहे 'कूस्लिप्पे'. कू म्हणजे गाय आणि स्लिप्पे म्हणजे बुळबुळीत घाण. थोडक्यात, शेण! गुरं चरतात त्या कुरणात उगवणारं फूल, दुसरं काय म्हणणार? मधला 'स' गाईचा नव्हताच, तो पुढच्या शब्दाचा. मी सांधाच चुकीच्या जागी फोडला होता. बरं, तिच्या बहिणीचं, 'ऑक्सलिप'चं नावही 'स्लिप्पे'वरूनच आलंय. तिथेही ओठ नाहीत.

तेव्हापासून माझी सवय अशी: सर्वांत जुनं रूप वहीत उतरवल्याशिवाय शब्दावर पेन्सिलीची रेघ मारायची नाही. फोनवर पहिलं जे दिसेल ते उचलणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

'फॉक्सग्लव्ह'चं तर विचारूच नका. मूळ 'फोक्स ग्लव्ह', म्हणजे पऱ्यांचा हातमोजा, ही गोष्ट दर दोन महिन्यांनी कुणीतरी मला ऐकवतं. जुन्या इंग्रजीतच 'फॉक्सेस ग्लोफा' आहे. कोल्हा पहिल्यापासून कोल्हाच. दुसरे हुशार म्हणतात, या झाडाला डिजिटॅलिस हे नाव देणाऱ्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फुक्सच्या आडनावाचा अर्थ जर्मनमध्ये कोल्हा, म्हणून फॉक्स. फुक्सने ते लॅटिन नाव 1542 साली, जर्मन 'फिंगरहुट' म्हणजे अंगुस्तान यावरून घडवलं. इंग्रजी नाव त्याच्या कित्येक शतकं आधीचं.

वर्मवुड या कडू वनस्पतीच्या नावात किडा नाही, लाकूडही नाही. जुना शब्द 'वेर्मोड', त्याचाच जर्मन भाऊ व्हर्मूथ दारूच्या नावात बसलाय. वॉलनटला भिंत लागत नाही, 'वेअल्ह' म्हणजे परका. रोझमेरीत ना गुलाब ना मेरी. लॅटिन 'रोस मारिनुस', सागराचं दव.

आणि हॉर्सरॅडिश हे झणझणीत मूळ घोडे खातात का, हे कृपया विचारू नका. तिथला घोडा म्हणजे नुसता मोठा, राकट. आपल्या घोडचुकीतला असतो तसाच.